मॅनेजर, हाताखाली शून्य

नोकरीचं पत्र घेऊन मी घरी आलो, तेव्हा बाबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि एकच प्रश्न विचारला. "असिस्टंट मॅनेजर म्हणजे हाताखाली माणसं किती?"

"कुणी नाही."

"मग मॅनेज काय करणार?"

आई आतून म्हणाली, "अहो, आधी पेढे आणा." पेढे आले. वर्षभरात माझा बायोडेटा नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवर फिरू लागला, आणि त्यात 'पनवेलमध्ये स्वतःचा फ्लॅट' याच्या वरच्या ओळीत ठळक अक्षरांत 'मॅनेजर' होतं. बाबांचा प्रश्न मात्र तसाच राहिला. चार वर्षांनी मला कळलं की तो प्रश्न चेष्टेचा नव्हता. कायद्याचा होता.

मी २८ वर्षांचा आहे. शिक्षणाने इंजिनिअर, कामाने प्रोग्रॅमर. रोज पनवेलहून ठाण्याकडे जाणारी लोकल पकडतो आणि नवी मुंबईतल्या एका मोठ्या दूरसंचार कंपनीच्या इमारतीत जाऊन बसतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर मला भीती वाटते. दुसरं म्हणजे, नाव बदललं तरी पुढचा मजकूर बदलणार नाही. आमच्या मजल्यावर साधारण दीडशे माणसं आहेत. त्यात असिस्टंट मॅनेजर, डेप्युटी मॅनेजर, मॅनेजर, सिनिअर मॅनेजर असे सगळे आहेत. नुसता 'इंजिनिअर' शोधून सापडत नाही. सगळे सेनापती, सैन्य कुठेच नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, असं आजी म्हणायची. पण इथे ही सोनुबाई कुणी हौसेने ठेवलेली नाही, हिशेबाने ठेवली आहे.

हिशेब असा. औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा. त्यात 'कामगार' कोण याची व्याख्या होती आणि व्यवस्थापकीय काम करणारा त्यातून बाहेर होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या, जुना कायदा गेला, व्याख्येतला मॅनेजरचा अपवाद मात्र राहिला. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ चा. त्यात दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास, त्यावर काम केलं तर दुप्पट दराने पैसे, असं लिहिलेलं होतं. (सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नवाचे दहा करायचं ठरवलं. तेव्हा आमच्या कॅन्टीनमध्ये सगळे खो खो हसले होते. दहा तासांत घरी सोडणार असाल तर आम्ही आजच सही करतो.) या कायद्यालाही तोच अपवाद आहे : गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावरच्या माणसाला तो लागू नाही. म्हणजे तुमच्या कार्डावर एक शब्द छापला की तुमचे तास मोजायचं कारण उरत नाही. छपाईचा खर्च कार्डामागे फार तर दोन रुपये.

आता यातली गंमत बघा. कायदा इतका भोळा नाही. सर्वोच्च न्यायालयासमोर १९९४ मध्ये एस. के. मैनी विरुद्ध करोना साहू कंपनी असं एक प्रकरण आलं होतं. करोना म्हणजे ती बुटांची कंपनी, आपल्या लहानपणीचे काळे शाळेचे बूट आठवा. मैनी त्यांच्या दुकानाचे मॅनेजर. न्यायालय म्हणालं, पदाच्या नावाला फार महत्त्व नाही, माणूस मुख्यतः काम काय करतो ते बघा. मैनींचं काम बघितलं, तर ते खरोखरच दुकान चालवत होते, म्हणून ते हरले. पण तत्त्व उरलं. त्याच तत्त्वाने माझं काम बघा. मी कुणाला कामावर घेत नाही, कुणाला काढत नाही, कुणाची रजा मंजूर करत नाही, दहा हजार रुपयांची खरेदीसुद्धा करू शकत नाही. मी कोड लिहितो, आणि तो रात्री फुटला की उठून दुरुस्त करतो.

रात्री का, तेही सांगतो, कारण बाहेरच्यांना ते माहीत नसतं. तुम्ही झोपलेले असता तेव्हा नेटवर्क बदललं जातं. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत जी खिडकी असते, तीत नवीन सॉफ्टवेअर चढवायचं, जुनं उतरवायचं, पहाटे ग्राहक जागा व्हायच्या आत सगळं पूर्ववत दिसलं पाहिजे. या कामाला पर्याय नाही, ते रात्रीच करायला हवं, मला मान्य आहे. हॉस्पिटलातही रात्रपाळी असते. पण रात्रपाळी ही पाळी असते. ती संपते, दुसरी लागते. आमच्याकडे पाळी नाही, 'ओनरशिप' आहे. पहाटे साडेचारला कॉल संपतो आणि दहा वाजता स्टँडअपला तोच माणूस हजर असतो. गेल्या पावसाळ्यात एका आठवड्यात मी तीन रात्री जागलो. भरपाईची सुट्टी मागितली, तर उत्तर आलं, "मॅनेजर लेव्हलला कॉम्प-ऑफ नसतो." माझा वरिष्ठ वाईट माणूस नाही. त्याच रात्री तोही जागा होता. तोही मॅनेजर.

मी इथेच थांबलो असतो तर हा लेख एका बऱ्या पगाराच्या पोराची कुरकुर झाला असता. पण माझ्याबद्दल एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे आणि ती मला शोभणारी नाही.

जमिनीतली फायबर तुटली की ती जोडायला एक टोळी जाते. दोन-तीन माणसं, एक गाडी, काच जोडायचं यंत्र. केसाएवढ्या काचेच्या दोन तारा समोरासमोर आणून वितळवून जोडायच्या, तेही चिखलात, छत्रीखाली, हेल्मेटच्या दिव्यावर. ही माणसं कंपनीची नसतात. कंपनीने काम एका ठेकेदाराला दिलेलं असतं, त्याने दुसऱ्याला, आणि पगारचिठ्ठीवर तिसऱ्याचंच नाव असतं. त्यांच्यासाठी हजेरीचं ॲप बनवलं. जागेवर पोचायचं, सेल्फी काढायचा, लोकेशन जायला हवं, मगच हजेरी. त्या ॲपचा मागचा भाग आणि त्यावरून रोजची यादी काढणारी क्वेरी मी लिहिली. मला तेव्हा शाबासकीचा मेलही आला होता.

मुंबई-गोवा महामार्गाचं पनवेल-इंदापूर काम २०११ मध्ये सुरू झालं, हे कोकणात जाणाऱ्या कुणालाही सांगायला नको. रस्ता खणला की जेसीबीचा दात फायबरला लागतो. एका रात्री शिरढोणच्या पुढे, कर्नाळ्याच्या बाजूला, अशीच तार तुटली. तिच्यावर एक टॉवर होता. त्याला दुसरीकडून वाट नव्हती, तो बंद पडला. टोळी गेली. रात्रभर पावसात काम केलं, पहाटे टॉवर उठला. दुसऱ्या दिवशी यादीत तिघांच्या नावापुढे गैरहजर.

कारण आता तुमच्याही लक्षात आलं असेल. ॲपला नेटवर्क लागतं. नेटवर्क बंद आहे म्हणून तर माणूस तिथे गेलाय. आणि ॲप फक्त कंपनीच्याच सिमवर चालतं. पहाटे टॉवर उठला तेव्हा हजेरीची वेळ उलटून गेली होती.

त्यातल्या एकाने, पंचेचाळीसच्या आसपासच्या माणसाने, कुठून तरी माझा नंबर मिळवला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "साहेब, लाइन मीच चालू केली आणि मीच गैरहजर?"

मी म्हटलं, "दादा, बघतो."

बघितलं. तिकीट लिहिलं. त्यावर शेरा पडला : 'एज केस'. मराठीत सांगायचं तर, असं क्वचितच होतं, नंतर बघू. फायबर तोडणाऱ्यांच्या नव्हे, जोडणाऱ्यांच्या ॲपमध्ये फायबर तुटलेली असणं ही क्वचित घडणारी गोष्ट! ठेकेदाराने त्यांची त्या दिवसाची मजुरी कापली आणि पुरावा म्हणून माझीच यादी दाखवली. कागदोपत्री ती यादी रोज सकाळी 'मंजूर' करणाऱ्याच्या जागी नाव माझं होतं, कारण मंजुरीला एक मॅनेजर लागतो. चार वर्षांत माझ्या पदाचा एवढा एकच उपयोग झाला.

बाबांना हे सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. ते सरकारी टेलिफोन खात्यात लाइनवर होते. खांबावर चढले, खड्ड्यात उतरले, पुढे कार्यालयात आले. १ ऑक्टोबर २००० ला खात्याची बीएसएनएल कंपनी झाली. त्याआधी, सप्टेंबरात, देशभरातल्या टेलिफोन कर्मचाऱ्यांनी तीन दिवस संप केला होता. मागणी अशी की कंपनी करा, पण निवृत्तिवेतनाची हमी सरकारने द्यावी, कंपनी उद्या असेल-नसेल. ती हमी नियमात घालून घेतली गेली. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो. आज बाबांचं निवृत्तिवेतन दर महिन्याला जमा होतं, ते त्या तीन दिवसांचं आहे. बाबा काही पुढारी नव्हते. म्हणतात, "सगळे बाहेर होते, मी एकटा आत बसून काय करणार होतो?"

त्यांच्या भविष्याबद्दलची शंका खरी ठरली. फेब्रुवारी २०१९ चा पगार बीएसएनएलच्या पावणेदोन लाख कर्मचाऱ्यांना वेळेवर मिळाला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्राने बीएसएनएल आणि एमटीएनएलसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली, पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी. ३१ जानेवारी २०२० ला, एकाच संध्याकाळी, बीएसएनएलमधून ७८ हजारांहून जास्त आणि एमटीएनएलमधून १४ हजारांहून जास्त माणसं घरी गेली. बीएसएनएलचा जवळपास निम्मा कर्मचारीवर्ग. बाबा त्यांत होते. 'स्वेच्छा' हा शब्द आमच्या घरात तेव्हापासून हसण्यावारी वापरला जातो. आईने कारल्याची भाजी वाढली की बाबा म्हणतात, "स्वेच्छेने खातो."

पण बाबांच्या स्वेच्छेला निदान दर होता, तक्ता होता, मुदत होती, संघटनांनी वाचून काढलेला कागद होता. आमच्या पिढीची स्वेच्छा वेगळी. गेल्या वर्षी माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाला दुपारी तीनला एका काचेच्या खोलीत बोलावलं. त्याचं नाव घेत नाही. साडेतीनला तो बाहेर आला, पाच वाजेपर्यंत त्याचा लॅपटॉप जमा झाला. नोंद : वैयक्तिक कारणासाठी राजीनामा. नुकतंच तळोज्यात घर घेतलं होतं, हप्ता सुरू होता. त्याचं वैयक्तिक कारण एवढंच की त्याला सांगितलं गेलं, सही केलीस तर अनुभवाचं पत्र नीट मिळेल.

कंपनीला राजीनामाच का हवा असतो? कारण कामगाराला कपात म्हणून काढायचं तर, त्याने किमान सलग एक वर्ष काम केलेलं असेल तर, महिन्याची नोटीस आणि सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. कारण सांगावं लागतं, शासनाला कळवावं लागतं. राजीनाम्याला यातलं काही लागत नाही. एक पेन लागतं, तेही त्यांचंच.

हे आमच्याच इमारतीत होतं असं समजू नका. जुलै २०१७ मध्ये टेक महिंद्राच्या एका कर्मचाऱ्याने फोनवरचं बोलणं रेकॉर्ड केलं. मनुष्यबळ विभागातली व्यक्ती त्याला उद्या सकाळी दहापर्यंत राजीनामा द्यायला सांगत होती. ते रेकॉर्डिंग देशभर फिरलं आणि आनंद महिंद्रांनी जाहीर माफी मागितली. ही कंपनी मुळात महिंद्रा-ब्रिटिश टेलिकॉम, दूरसंचारासाठीच सॉफ्टवेअर करायला जन्मलेली. माफी मागितली हे चांगलंच झालं. पण मला त्या प्रसंगातून कळलं ते इतकंच, की रेकॉर्डिंग नसतं तर तो राजीनामा 'वैयक्तिक कारणासाठी' ठरला असता.

फ्रान्समध्ये याच धंद्यात याच्या पुढचं घडलं. फ्रान्स टेलिकॉम ही तिथली जुनी सरकारी कंपनी, खासगी झाली. २२ हजार माणसं कमी करायची होती, पण त्यातल्या पुष्कळांना सरकारी सेवेचं संरक्षण होतं, काढता येत नव्हतं. मग ती आपणहून जातील असं वातावरण केलं गेलं. बदल्या, न जमणारी कामं, पदावनती. २००८-०९ च्या सुमारास तिथे आत्महत्या झाल्या, एक-दोन नव्हेत. खटला उभा राहिला, आणि पॅरिसच्या न्यायालयाने २० डिसेंबर २०१९ ला कंपनीला आणि तिच्या माजी प्रमुखाला दोषी ठरवलं. एका माणसाने दुसऱ्याला छळलं म्हणून नव्हे, तर छळ हेच कंपनीचं धोरण होतं म्हणून. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. बाबांच्या निरोपसमारंभाआधी सहा आठवडे हा निकाल लागला होता. आमच्याकडे त्याची बातमीही कुणी वाचली नाही.

आता नेहमीचे आक्षेप. पहिला : तुझ्या बाबांच्या काळात फोन लागायचाच नाही. खरं आहे. फोनसाठी लोक वर्षानुवर्षं थांबले, लागल्यावर तो पावसात बंद पडायचा आणि दिवाळीत पोस्त मागायला मात्र माणूस वेळेवर यायचा. मी त्याचं समर्थन करणार नाही, बाबाही करत नाहीत. पण फोन बंद राहायचा तो लाइनमनच्या निवृत्तिवेतनामुळे नव्हे. दुसरा : स्वस्त डेटा कुणामुळे मिळाला? स्पर्धेमुळे, आणि मीही तो दिवसभर वापरतो. पण त्या स्पर्धेचा जमाखर्च पूर्ण मांडा. २०१७ ते २०१९ या काळात आरकॉम, एअरसेल, टाटा डोकोमो संपल्या, व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. ग्राहकाने नंबर तोच ठेवून कंपनी बदलली. आत काम करणाऱ्याला अशी पोर्ट करायची सोय नव्हती.

तिसरा आक्षेप सगळ्यात आवडता : नाही पटत तर सोड ना! हा मला माझ्याच वर्गमित्रांकडून ऐकावा लागतो. सोडेनही. पण रात्री कर्नाळ्याजवळ खड्ड्यात उतरणाऱ्याने काय सोडायचं? आणि मी सोडून ज्या कंपनीत जाईन तिथे काय छापून मिळेल? डेप्युटी मॅनेजर.

माझा राग वरच्यांवर आहे त्याहून जास्त आपल्यावर आहे. आपल्याला हा शब्द आवडतो. 'कामगार' म्हटलं की आपल्याला गिरणी आठवते, लाल झेंडा आठवतो, आजोबा आठवतात. आपण त्यातून वर आलो असं वाटतं. पुण्यात नाइट्स नावाची आयटी कर्मचाऱ्यांची संघटना आहे. तिचा विषय मी जेवणाच्या टेबलावर काढला, तर एकाने आजूबाजूला बघून विषय बदलला आणि दुसरा म्हणाला, "अरे, आपण मॅनेजमेंट आहोत." त्याचा शर्ट कालचाच होता, रात्री घरी गेला नव्हता.

शिरढोणवरून जाताना वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव म्हणून पाटी दिसते. शाळेत आपण त्यांचं बंड शिकतो. त्याआधी ते पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकून होते, आई मरणाला टेकली तेव्हा त्यांना वेळेत रजा मिळाली नाही आणि ते पोचले तेव्हा ती गेली होती, हे शेवटच्या ओळीत उरकतात. मला हल्ली तीच ओळ आठवते.

बंड वगैरे मला जमणार नाही. मी एक साधी गोष्ट करतोय. दुकाने अधिनियमाच्या त्या अपवादाला एक अट आहे : व्यवस्थापकीय पदांवर कोण आहे त्याची यादी आस्थापनेने संकेतस्थळावर, ते नसेल तर ठळक जागी, लावायची. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका तरुण कर्मचारी मुलीच्या मृत्यूनंतर कामगार खात्याने तिच्या कार्यालयाची तपासणी केली, तेव्हा ते २००७ पासून या कायद्याखाली नोंदणीशिवायच चालू असल्याचं समोर आलं होतं. म्हणजे विचारल्याशिवाय कुणी बघत नाही. म्हणून मी मनुष्यबळ विभागाला तीन प्रश्नांचं पत्र लिहिलंय. यादी कुठे आहे? तिच्यात माझं नाव आहे का? असेल तर माझ्या कामातलं नेमकं कोणतं काम व्यवस्थापकीय आहे? चौथा प्रश्न त्या तिकिटाचा आहे, तो अजून उघडाच आहे. तिघांच्या कापलेल्या मजुरीचा आकडाही त्यात लिहिला आहे.

पत्र मेलने पाठवणार होतो. बाबांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि म्हणाले, "मेल नको. दोन प्रती काढ. एकीवर शिक्क्यासकट पोच घे, तारीख घालून. आणि एकटा जाऊ नकोस."